सोमवारचा वस्तरा
(प्रस्तावना)

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक लांबट लाकडी पेटी मिळाली. आत निळी मखमल, मखमलीत सात खाचा आणि खाचांत पाच वस्तरे. प्रत्येकाच्या पाठीवर जर्मन भाषेत एकेका वाराचे नाव कोरलेले होते. मंगळवार आणि शुक्रवार आधीच कुठे तरी गेले होते. पात्यांवर आम्लाने कोरलेली वेलबुट्टी होती, तिच्यात सोन्याचा पातळ मुलामा भरलेला होता. मुठी हस्तिदंती रंगाच्या होत्या आणि त्यांच्यात हस्तिदंतासारख्या बारीक रेघाही होत्या. पात्याच्या देठावर सोलिंगेनचा शिक्का होता. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत माझ्या तेव्हाच्या निम्म्या पगाराएवढी होती. ती मी घासाघीस न करता दिली.

आपल्याकडे केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. मी एक दिवसाआड घराखालच्या दुकानात दाढी करून घेत असे; पण सोमवारी सकाळीच कचेरीत बैठक असायची आणि दुकानाला कुलूप. म्हणून पेटीतला सोमवार तेवढा मी बाहेर काढला. दुकानातल्या वयस्कर कारागिरांनी तो मला चालवायला शिकवला. अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आल्यापासून त्यांचा स्वतःचा जुना वस्तरा धोकटीतच पडून होता. ‘‘तीन बोटं देठावर, अंगठा खाली, करंगळी शेपटीवर,’’ ते सांगत. ‘‘गाल ताणून धरा साहेब, पण वस्तरा दाबू नका. त्याला वजन आहे, त्याचं काम त्याला करू द्या.’’ बाकीचे चार वस्तरे मी पेटीत ठेवले, पेटी लोखंडी कपाटात ठेवली. मोलाची वस्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, असेच मी लहानपणापासून पाहिले होते.

अकरा पावसाळ्यांनंतर ती पेटी उघडली तेव्हा आधी वास आला. कापराचा, आणि त्यामागे नाकाला झोंबणारा आंबट वास. चारही मुठी तडकल्या होत्या, एक चिकट झाली होती. पितळी खिळ्यांभोवती हिरवी बुरशी असावी तशी पूड जमली होती. पाती मिटल्यावर मुठीच्या आत जिथे बसतात, नेमका तेवढाच भाग गंजाने खाऊन चाळणीसारखा झाला होता. सोने गेले होते, वेलबुट्टी गेली होती. बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार यांच्यातले एकही पाते आता धार धरणार नाही. सोमवार मात्र न्हाणीघराबाहेरच्या फळीवर, उघड्या हवेत, जसा होता तसा होता. त्याच्या मुलाम्याचा एक कोपरा माझ्या पुसण्याने फिकट झाला आहे, तेवढेच.

हे पुस्तक लिहायचे मी त्या दिवशी ठरवले. देखणा, महागडा वस्तरा वापरावा की जपून ठेवावा, हा प्रश्न वस्तऱ्यांच्या नादी लागलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतो. बहुतेक वेळा तो आवडीनिवडीचा प्रश्न समजून सोडून दिला जातो. माझ्या मते त्याला उत्तर आहे. ते उत्तर वस्तरा कशाचा बनला आहे, कसा बनला आहे आणि कशामुळे मरतो, या तीन गोष्टींत सापडते.

आधी माझ्या त्या चार वस्तऱ्यांचे सांगतो. त्यांच्या मुठी हस्तिदंताच्या नव्हत्या, सेल्युलॉइडच्या होत्या. कापसापासून केलेले नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून हा पदार्थ बनतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने हस्तिदंत, शिंग आणि कासवाचे कवच यांची हुबेहूब नक्कल करून दिली, आणि दिमाखदार वस्तरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पण सेल्युलॉइड हळूहळू कुजते. कुजताना त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सुटतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. उघड्यावर ते वायू निघून जातात. बंद पेटीत ते कोंडतात, पात्याला खातात, शेजारच्या चांगल्या मुठीलाही कुजवायला लागतात. मखमल ओलावा धरून ठेवते, लोखंडी कपाट वारा येऊ देत नाही. मी जपणूक म्हणून जे जे केले, त्या प्रत्येक गोष्टीने त्या वस्तऱ्यांचा नाश जवळ आणला.

दुसऱ्या मुठींचेही स्वतःचे दुखणे असते. शिंगाला कसर लागते. खरा हस्तिदंत कोरड्या हवेत तडकतो आणि गरम पाण्यात फुगतो. या सगळ्या मुठींचा औषधोपचार पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आहे. इथे एवढेच सांगायचे की वस्तऱ्याला स्थिर, निर्जीव अवस्था नसते. पेटीत ठेवला म्हणून काळ त्याच्यापुरता थांबत नाही.

आता सजावटीकडे वळू. शेफील्ड, सोलिंगेन आणि फ्रान्समधले तिएर ही वस्तऱ्यांची तीन मोठी गावे. शेफील्डचा जम बसला तो १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवल्यानंतर. त्याला घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. ते वस्तऱ्यांच्याही कामी आले, कारण पात्याच्या कडेला कणभर खोट असली तरी ती गालाला कळते. पुढच्या शतकात वेड अँड बुचर, जॉर्ज वॉस्टनहोम, जोसेफ रॉजर्स अशा शेफील्डच्या पेढ्यांचे वस्तरे जगभर जाऊ लागले. अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी पात्यांवर गरुड कोरले जात, राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरी आणि आगबोटी कोरल्या जात. रॉजर्स यांची पेढी तर हस्तिदंताच्या प्रचंड साठ्यासाठी प्रसिद्ध होती.

याच रॉजर्स यांनी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा एक अवाढव्य चाकू केला. ‘नॉरफोक नाइफ’ म्हणून तो ओळखला जातो. त्याने कुणी कधी पेरू चिरावा अशी कल्पनाच करणाऱ्यांच्या मनात नव्हती. तो बघण्यासाठीच केला होता. सजवलेला वस्तरा या जातीचा नाही. तो हातात घेऊन नीट पाहा. वेलबुट्टी पात्याच्या वरच्या अंगाला असते, सोने तिथेच भरलेले असते आणि धारेच्या अलीकडे बोटभर पट्टी कोरी सोडलेली असते. कारागिराला माहीत होते की ती पट्टी दगडावर जाणार आहे, चामड्याच्या पट्ट्यावर जाणार आहे, वर्षानुवर्षे झिजणार आहे. म्हणून त्याने सजावट तिच्या वाटेतून बाजूला ठेवली. सात वारांच्या पेट्याही याच विचाराने केल्या जात. एका पात्याला आठवड्यातून एकदाच काम पडावे, म्हणजे धारेला विश्रांती मिळते, अशी समजूत होती. समजूत खरी असो वा नसो, तिच्यात रोजचा वापर गृहीत धरलेला होता.

पाते पोकळ घासणे हे या सगळ्यातले सर्वांत कठीण काम. दगडी चाकावर पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासत न्यायच्या. चाक जितके लहान, तितकी खोली जास्त. शेवटी पाते इतके पातळ होते की नखाने टिचकी मारली तर ते नादते. शेफील्डच्या घासणाऱ्यांनी हे काम दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीत बसून केले. कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांची फुप्फुसे त्या धुळीने भरून जात आणि माणसे ऐन वयात मरत. शेफील्डचेच एक डॉक्टर, जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये फुप्फुसांच्या या रोगांवर पुस्तक लिहिले. मी माझा वस्तरा पट्ट्यावर फिरवतो आणि त्याच्या नादात मला ती माणसे ऐकू येतात. त्यांनी प्राण खर्चून जी धार बसवली ती कधी एका केसालाही लागू नये, हे मला त्यांच्याशी केलेल्या अन्यायासारखे वाटते. हा माझा भावनेचा मुद्दा आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण याच इतिहासात दुसऱ्या, म्हणजे जपून ठेवण्याच्या, बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईत होते. १७९४ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका पोलादाचे नमुने पाठवले. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले. जॉर्ज पिअरसन यांनी १७९५ मध्ये त्यावर निबंध वाचला, त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे. खरे तर मुंबई हे फक्त बंदर. हे पोलाद घाटापलीकडच्या मुलखातून येत होते, जिथले लोहार कितीतरी शतके बंद मुशीत ते पिकवत होते. लंडनचे पातीवाले जेम्स स्टोडार्ट यांनी हे पोलाद घडवून पाहिले आणि ते त्याच्या इतके प्रेमात पडले की वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे आपण या हिंदुस्थानी पोलादाची करतो, युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते आपल्याला पसंत आहे, असे त्यांनी आपल्या दुकानाच्या कार्डावर छापले.

हेच स्टोडार्ट पुढे मायकेल फॅरेडे यांचे सहकारी झाले. विजेवरच्या शोधांनी नाव मिळवण्याआधी फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात पोलाद वितळवत होते. वूट्झचे रहस्य उलगडावे म्हणून त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले. १८२० आणि १८२२ मध्ये दोघांनी मिळून त्यावर निबंध प्रसिद्ध केले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, हे त्यांचे मिश्रण शेफील्डला पोचले आणि मग ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे पात्यांवर झळकू लागली, पुष्कळदा चांदीचा कण नसलेल्या पात्यांवरसुद्धा. फॅरेडे यांनी आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे करवून घेऊन मित्रांना भेट दिले. त्या मित्रांनी ते वापरले असतील, आणि तेच योग्य होते. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि काम थांबले. मात्र फॅरेडे यांच्या मिश्रधातूंचे एकोणऐंशी तुकडे एका लाकडी खोक्यात राहिले. शंभर वर्षांनी सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी त्यांचे पृथक्करण केले आणि १९३१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. फॅरेडे यांनी नेमके काय मिसळले होते, हे आपल्याला त्या तुकड्यांनी सांगितले. ते तुकडेही कुणी घासून वापरून टाकले असते, तर ते ज्ञान कायमचे गेले असते.

म्हणून सरसकट ‘वापरा’ असेही मी म्हणत नाही. मी एकच गोष्ट विचारतो: या वापराने जे जाईल, ते परत आणता येईल का? धार जाते आणि दगडावर परत येते. खिळा ढिला होतो, तो नवा बसवता येतो. मुलाम्याचे सोने पुसले गेले तर ते गेले. आणि ज्या पात्याला कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही दगड लागलेला नाही, त्याच्यावर घासणाऱ्याच्या चाकाच्या शेवटच्या रेघा अजून आहेत. त्या रेघा वाचता आल्या तर त्या काळची रीत कळते. पहिल्याच धारेत त्या पुसल्या जातात आणि जगात कुणालाही त्या पुन्हा काढता येत नाहीत. अशी पाती फार थोडी आहेत. ती ठेवावीत, उघड्या हवेत, तेलाचा हात देऊन, आणि अभ्यासकांना पाहू द्यावीत.

बाकीच्यांना वापराची भीती किती बाळगावी, हे वस्तऱ्याच्या रचनेवरून ठरते. दगडावर धार लावताना पाते आडवे ठेवतात, तेव्हा पाठ आणि कड एकाच वेळी दगडाला टेकतात. दोन्ही बरोबरीने झिजतात आणि कोन तोच राहतो; फार साधी आणि फार हुशार योजना आहे ही. पण म्हणूनच पाठीवर कोरलेले वाराचे नाव किंवा नक्षी धार लावताना धोक्यात येते. पाठीवर विजेच्या तारेला लावतात तसली चिकटपट्टी लावली की तो धोका टळतो. रोजच्या पट्ट्याने जवळजवळ काहीच झिजत नाही. जपून वापरणाऱ्याला दगड काही महिन्यांतून एकदा लागतो, तोही बारीक कणांचा. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोटिक्युल दगड हे काम उत्तम करतो, कारण त्यातले गार्नेटचे सूक्ष्म कण पाते ओरबाडत नाहीत. या हिशेबाने एक वस्तरा दोन-तीन पिढ्यांना सहज पुरतो.

खरी झीज दुसरीकडे होते. जुने वस्तरे विकणारे आणि ‘नवे करून देणारे’ त्यांना बफिंगच्या चाकावर धरतात. पाते आरशासारखे चमकते आणि दोनशे वर्षांची नक्षी दोन मिनिटांत उडते. चाकाच्या उष्णतेने पात्याचे पाणी उतरले तर ते पुढे कधीच धार धरत नाही. मी एका पात्यावरची आगबोट अशी गेलेली पाहिली आहे. धुराड्याचा एक तुकडा तेवढा उरला होता. पन्नास वर्षांच्या दाढ्यांनी त्या आगबोटीचे जे बिघडले नसते, ते एका दुपारच्या पॉलिशने बिघडवले. संग्राहकांनीच ही चकाकी मागितली आणि तिला जास्त किंमत दिली. या बाबतीत दोष आम्हा हौशी लोकांचा आहे, वापरणाऱ्यांचा नाही.

हस्तिदंताबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला आहे. खुद्द इंग्लंडमध्येही २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू आहे. तेव्हा हस्तिदंती मुठीचा वस्तरा विकत घेऊ नका, परदेशातून मागवू नका. घरात वडिलोपार्जित असेल तर वन विभागाकडे त्याची रीतसर चौकशी करा. ज्या हत्तीचा तो दात होता त्याच्याविषयी आपण एवढे देणे लागतो. या पुस्तकात हस्तिदंती वस्तऱ्यांची छायाचित्रे आहेत ती सगळी संग्रहालयांतल्या वस्तूंची आहेत.

वस्तऱ्याचा रोजचा संसार मोडला तो किंग जिलेट यांनी. १९०३ मध्ये त्यांचे बदलत्या ब्लेडचे फक्त एक्कावन्न वस्तरे विकले गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारने ते वाटले, आणि परतलेली पिढी पुन्हा उघड्या पात्याकडे वळली नाही. आपल्याकडे नाभिक कारागिरांच्या हातात उघडा वस्तरा त्यानंतर कितीतरी दशके राहिला. मग रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड आले. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर धार लावण्याची विद्या एका पिढीत विरळ झाली. मला शिकवणारे कारागीर आता नाहीत आणि त्यांच्या मुलाने दगड कधी हातात घेतलेला नाही. वस्तरा जपायचा तर त्याच्याबरोबर ही विद्याही जपावी लागते, आणि ती काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. रोज हात चालला तरच ती राहते. वापराच्या बाजूने माझे सर्वांत मोठे म्हणणे हेच आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते मी पुन्हा पुन्हा पाहायला जातो. मोराचे, घोड्याचे, नाजूक घाटाचे ते अडकित्ते म्हणजे आपल्या घरातला सजवलेल्या पात्याचा नमुना. त्यांच्यातल्या कितीतरींच्या दांड्या बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत. ती झीज नसती तर त्यांच्यासमोर मी इतका वेळ थांबलो नसतो. दिनकर केळकरांनी त्या वस्तू कुणाच्या तरी वापरातून उचलल्या आणि झीज तशीच राहू दिली, घासूनपुसून नवी केली नाही. वस्तऱ्यांच्या संग्राहकांनी शिकावे ते इथे.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात तिन्ही गावांचा इतिहास आहे, दुसऱ्यात पात्यांची आणि मुठींची ओळख, आणि तिसऱ्यात धार, पट्टा, तेल, दुरुस्ती. कुणाला घाई असेल तर त्याने तिसरा भाग आधी वाचावा. आणि घरात आजोबांचा वस्तरा असेल तर पुस्तकाचे पान उलटण्यापूर्वी एक काम करावे. पेटी उघडा आणि मूठ नाकाजवळ न्या. कापराचा किंवा आंबट वास आला, खिळ्यांभोवती हिरवे दिसले, तर तो वस्तरा आजच बाकीच्यांपासून वेगळा करा, दिव्यापासून आणि शेगडीपासून लांब ठेवा, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेते. पाते पुसा, तेलाचे बोट फिरवा, आणि पेटीचे झाकण उघडे राहू द्या.